पिकलेली फळं, मिक्सर आणि फ्रीझर: घरच्या घरी फळांचं आरोग्यदायी आइस्क्रीम

फळांचं आइस्क्रीम घरी करून पाहिलेल्या बहुतेकांना हा अनुभव आलेला असतो. गर वाटला, डब्यात भरला, रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला आणि सकाळी झाकण उघडलं तर आत दगड. चमचा शिरत नाही, शिरलाच तर दाताखाली बर्फ कचकचतो. मग पुढच्या वेळी त्यात कंडेन्स्ड मिल्क पडतं, क्रीम पडतं, वाटीभर साखर पडते. आइस्क्रीम मऊ होतं खरं, पण साखर आणि मेद टाळण्यासाठीच हे घरी करायला घेतलं होतं, ते बाजूलाच राहतं.

खरं तर यातली बरीच साखर टाळता येते. गोठवलेल्या पदार्थात साखर दोन कामं करते. ती गोडी देते आणि पदार्थ दगड होऊ देत नाही. गोडी पिकलेल्या फळात मुळातच असते. मऊपणाचं काम मिक्सरच्या पात्याकडून करून घेता येतं, फक्त क्रम उलटा करावा लागतो: फळ वाटून गोठवायचं नाही, गोठवून वाटायचं. आणि वाटलं की लगेच खायचं. ही एक गोष्ट सांभाळली तर वरून एक चमचाही साखर न घालता मऊसूत आइस्क्रीम होतं.

दगड का होतो?

फळात बहुतांशी पाणी असतं. केळ्यात साधारण ७५ टक्के, आंब्यात ८३, अननसात ८६, स्ट्रॉबेरी आणि कलिंगडात ९१ च्या आसपास. हे पाणी शांतपणे, हळूहळू गोठलं की बर्फाचे मोठे स्फटिक तयार होतात आणि एकमेकांना धरून बसतात. मोठे स्फटिक म्हणजे कचकच, बारीक स्फटिक म्हणजे मऊपणा. जिभेला जाणवणार नाहीत इतके ते बारीक राखायचे, सगळी खटपट एवढ्यासाठीच असते.

साखर पाण्यात विरघळली की पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. त्यामुळे घरगुती फ्रीझरच्या उणे १८ अंशांतही सगळं पाणी गोठत नाही. थोडा गोड पाक द्रवच राहतो आणि त्यामुळे पदार्थात चमचा शिरतो. दुकानी सॉर्बेत, म्हणजे दूध न घालता केलेल्या फळांच्या आइस्क्रीममध्ये, एकूण साखर साधारण २५ ते ३० टक्के असते ती याचसाठी. स्ट्रॉबेरीत नैसर्गिक साखर जेमतेम ५ टक्के, कलिंगडात ६, अननसात १०, पिकलेल्या केळ्यात १२ किंवा थोडी जास्त, आंब्यात १४, द्राक्षांत १५ ते १६. हे आकडे फळाच्या जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे खालीवर होतात, पण कोणतं फळ किती घट्ट गोठेल याचा अंदाज त्यांवरून बरोबर येतो. कलिंगडाचा नुसता रस डब्यात भरून ठेवला तर त्याची लादीच होणार.

फळ निवडताना

पहिल्यांदा करणार असाल तर केळ्यापासून सुरुवात करा. यात दुसऱ्या कुठल्याही फळाची बरोबरी नाही. केळ्यात पाणी कमी, पेक्टिन (फळातला दाटपणा देणारा तंतू) भरपूर आणि गर मुळातच दाट. गोठवून फिरवलं की ते दुधाचा थेंब नसताना सायीचं वाटतं.

मात्र केळं पूर्ण पिकलेलं हवं. साल नुसती पिवळी असून चालत नाही, तिच्यावर तपकिरी ठिपके आलेले हवेत. कच्च्या केळ्यात स्टार्च असतो. पिकताना त्याची साखर होते आणि तुरटपणा जातो. अर्धकच्चं केळं गोठवलं तर आइस्क्रीम पिठूळ लागतं आणि मग गोडी कमी म्हणून मध घालावासा वाटतो. दोन दिवस थांबलात तर ती वेळ येत नाही. बाकी फळांनाही हेच लागू. आंब्याला देठाजवळ वास सुटलेला असावा, स्ट्रॉबेरी आतपर्यंत लाल असावी. गारव्यात जिभेला गोडी कमी जाणवते, त्यामुळे साध्या तापमानाला बेताचं गोड लागणारं फळ गोठल्यावर फिकं लागतं. खाताना थोडं जास्तच गोड वाटणारं फळ यासाठी निवडा.

फळ गोठवणं

फळं कापण्याआधी वाहत्या पाण्याखाली नीट धुवा. गोठवल्याने जंतू मरतात असा समज आहे, तो चुकीचा आहे. ते फक्त निपचित पडतात. इथे फळ शिजवलं जात नसल्याने स्वच्छतेची सगळी भिस्त धुण्यावर आहे. धुतल्यावर फळं पुसून कोरडी करा, नाहीतर प्रत्येक फोडीवर बर्फाचं कवच चढतं.

केळं सोलूनच गोठवा. सालीसकट गोठलेलं केळं सोलणं म्हणजे हात गारठवून घेणं. सेंटिमीटरभर जाडीच्या चकत्या करा. आंबा, अननस, पपई यांच्या दोन सेंटिमीटरच्या फोडी पुरतात. मोठे तुकडे मिक्सरला झेपत नाहीत.

आता ताटाला किंवा ट्रेला बटर पेपर लावून फोडी एकमेकींना न चिकटता एका थरात पसरा. ताट धातूचं असेल तर उत्तम. प्लास्टिकपेक्षा त्यातून उष्णता लवकर निघून जाते, फळ झटपट गोठतं आणि स्फटिक बारीक राहतात. भांडं गच्च भरून आत ढकललं तर एक मोठा गोळा तयार होतो आणि तो फोडायला सुरी घेऊन बसावं लागतं. केळ्याच्या चकत्यांना चार ते सहा तास लागतात, रात्रभर ठेवल्या तर निश्चिंती. पूर्ण टणक झाल्या की पिशवीत भरा, हवा दाबून काढा, तारीख लिहा. अशा फोडी दोन-तीन महिने चांगल्या राहतात. माझा सल्ला असा की आइस्क्रीम साठवू नका, फोडी साठवा. हव्या तेव्हा मूठभर काढायच्या आणि फिरवायच्या.

केळं काळं पडेल अशी चिंता असेल तर चकत्यांवर लिंबाचे थेंब शिंपडा. आंबटपणामुळे काळं पडण्याची क्रिया मंदावते, आणि चवीलाही ते बरंच वाटतं.

फिरवणं: सगळी कसोटी इथे

दोन-तीन जणांसाठी चार मध्यम केळी घ्या, म्हणजे सोलून साधारण ४०० ग्रॅम. चिमूटभर मीठ आणि अर्धा चमचा लिंबाचा रस. एवढंच साहित्य. मीठ विसरू नका. त्याने खारटपणा येत नाही, गोडी उठून येते.

फोडी फ्रीझरमधून काढल्यावर पाच ते सात मिनिटं बाहेर राहू द्या. कडांवर किंचित ओल दिसली की त्या तयार आहेत. लगेच फिरवल्या तर पातं नुसतं आपटत राहतं आणि मोटरवर ताण येतो. पंधरा मिनिटं विसरलात तर मात्र आइस्क्रीमऐवजी मिल्कशेक होईल.

घरच्या साध्या मिक्सरमध्ये एका वेळी २०० ते २५० ग्रॅमच घ्या. मोठा फूड प्रोसेसर असेल तर सगळं एकदम चालेल. सलग फिरवू नका, दोन-तीन सेकंदांचे झटके द्या. आधी फोडींचा रवाळ चुरा होईल. हा चुरा पाहून बरेच जण घाबरतात आणि दूध ओततात. तसं करू नका. झाकण उघडा, कडेला चिकटलेलं चमच्याने खाली ओढा, पुन्हा फिरवा. चुऱ्याचे गोळे व्हायला लागतील. पुन्हा कडा खरवडा, पुन्हा फिरवा. मग एका क्षणी तो ओबडधोबडपणा नाहीसा होतो आणि सगळं लोण्यासारखं एकजीव होतं. हा बदल हळूहळू होत नाही, अचानक होतो, म्हणून तोवर धीर धरायचा. एकजीव झाल्यावर आणखी वीस-तीस सेकंद फिरवलं तर थोडी हवा मिसळते आणि ते हलकं होतं. त्याहून जास्त फिरवलं तर पात्याच्या उष्णतेने वितळायला लागतं.

पातं अजिबातच अडलं तर पातळ काहीतरी घालायला हरकत नाही, पण चमच्या-चमच्याने. गार दूध, नारळाचं दूध किंवा साधं पाणी, एका वेळी एक चमचा. ४०० ग्रॅम फळाला तीन चमच्यांच्या वर जाऊ नका. मिक्सरचं भांडं तापल्यासारखं वाटलं तर थांबा, भांडं फळासकट दहा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग पुढे सुरू करा.

वाट्या आधीच फ्रीझरमध्ये गार करून ठेवल्या असतील तर आइस्क्रीम निवांत खाता येतं. या टप्प्यावर ते मशीनमधून पिळून देतात तसं मऊ असतं. चमच्याने गोळे काढता यावेत इतकं घट्ट हवं असेल तर उथळ डब्यात भरून पाऊण तास ते तासभर फ्रीझरमध्ये ठेवा. त्याहून जास्त नको.

केळ्यासोबत आणि केळ्याशिवाय

स्ट्रॉबेरीसारख्या पाणीदार, कमी साखरेच्या फळाला केळ्याचा आधार द्यावा लागतो. दोन भाग स्ट्रॉबेरी आणि एक भाग केळं हे प्रमाण मला पटतं. केळं याहून वाढवलं की त्याचीच चव वर येते आणि स्ट्रॉबेरी फक्त रंगापुरती उरते. स्ट्रॉबेरीची चव दाट हवी असेल तर ती आधी चिरून मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं आटवा. पाणी उडून जातं, साखर आणि वास दोन्ही एकवटतात. मग पूर्ण गार करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायची. कष्ट थोडे जास्त आहेत, पण फरक पहिल्याच चमच्यात कळतो.

आंब्याला केळं लागत नाही. पिकलेल्या आंब्याच्या गोठलेल्या फोडी एकट्याच छान एकजीव होतात. आंबा रेषाळ असेल तर गर गाळून घ्या आणि ट्रेमध्ये गोठवून फिरवा.

अननसही एकटा चालतो. तो थोडा रवाळ राहतो, पण आंबटगोड चवीमुळे ते खपून जातं. फक्त त्यात दही किंवा दूध घालणार असाल तर सावध. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं आणि थोड्या वेळाने मिश्रण कडू लागायला लागतं. किवीतही असंच एन्झाइम असतं. पपईतही असतं, पिकलेल्या पपईत मात्र ते कमी असतं. गोठवल्याने ही एन्झाइम नष्ट होत नाहीत, उष्णतेने होतात. म्हणून अननसाच्या फोडी पाच मिनिटं शिजवून, गार करून मग दह्यात घाला, किंवा दही घालून लगेच खाऊन संपवा. किवी फिरवताना आणखी एक गोष्ट पाहा: तिच्या काळ्या बिया फुटल्या की कडवटपणा येतो, म्हणून ती शेवटी घालून दोनच झटके द्या.

केळं आवडतच नसेल तर दाटपणा दुसरीकडून आणावा लागेल. चक्का हा माझ्या मते सर्वांत चांगला पर्याय. दही फडक्यात बांधून चार-पाच तास टांगलं की पाणी निथळून जातं, म्हणजे बर्फ व्हायला तेवढं पाणीच कमी, वर प्रथिनं मिळतात. ३०० ग्रॅम गोठलेल्या फळाला १०० ग्रॅम गार चक्का पुरे. दूधदही चालत नसेल तर दोन-तीन तास भिजवलेले मूठभर काजू बारीक वाटून घाला, किंवा पिकलेला अर्धा अवोकॅडो. नारळाचं दाट दूध उत्तम मऊपणा देतं, पण त्यातला मेद बहुतांशी संपृक्त असतो, त्यामुळे हात राखूनच घालावं.

डब्यात भरून ठेवायचं असेल तर

पाहुणे येणार आहेत, आदल्या दिवशी करून ठेवायचं आहे, अशा वेळी गणित बदलतं. मिक्सरने फोडलेले स्फटिक रात्रभरात पुन्हा जुळून वाढतात. इथे थोडी साखर लागतेच, आणि ती किती हे मोजून घालावं.

एकूण साखर साधारण २० टक्क्यांवर आणली की डबा बाहेर काढून थोडा वेळ ठेवल्यावर चमचा शिरतो. ५०० ग्रॅम आंब्याच्या गरात फळाची स्वतःची सुमारे ७० ग्रॅम साखर असते. त्यात ३५ ते ४० ग्रॅम, म्हणजे तीन मोठे चमचे साखर घातली की काम होतं. तेवढ्याच स्ट्रॉबेरीला मात्र ९० ग्रॅमच्या वर साखर लागते, कारण तिची स्वतःची जेमतेम २५ ग्रॅम. म्हणूनच साठवणीच्या आइस्क्रीमसाठी मुळात गोड फळ घ्यावं.

साखरेऐवजी खजूर घालायचा तर वरच्या आंब्याला बिया काढलेला ६५ ते ७० ग्रॅम खजूर पुरतो. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, निथळून, अगदी गुळगुळीत वाटून घ्या. खजुरात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज भरपूर असतं. वजनाला वजन पाहिलं तर या साध्या साखरा नेहमीच्या साखरेच्या जवळपास दुप्पट प्रमाणात गोठणबिंदू खाली आणतात, त्यामुळे मऊपणा चांगला येतो. मधाचंही तेच. खजुरासोबत तंतूही येतात, हा त्याचा वरचा फायदा. रंग थोडा तपकिरी होतो, तेवढं चालवून घ्यावं.

गर, खजूर, चमचाभर लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ एकत्र फिरवून आधी फ्रिजमध्ये दोन तास गार करा. मिश्रण जितकं गार आत जाईल तितकं लवकर गोठेल. मग बर्फाच्या ट्रेमध्ये ओता. घट्ट झाल्यावर ते क्यूब केळ्याच्या फोडींसारखेच मिक्सरमध्ये फिरवा, उथळ डब्यात भरा आणि परत फ्रीझरमध्ये ठेवा. दर अर्ध्या तासाने डबा काढून काट्याने ढवळण्याची पद्धत जुनी आहे, पण त्यात जीव अडकून राहतो. क्यूबची पद्धत सोपी आहे आणि मऊपणाही जास्त येतो.

पाणीदार फळांचा वेगळा मार्ग

कलिंगड, खरबूज, संत्र्याचा रस यांना मऊसूत बनवण्याच्या मागे लागू नका. त्यांचं ग्रानिता करा, म्हणजे बारीक, मोकळा, चवदार बर्फ. कलिंगडाच्या बिया काढून गर फिरवा, लिंबू पिळा, पुदिन्याची दोन पानं घाला. रुंद, उथळ स्टीलच्या भांड्यात बोटाच्या पेराइतका थर ओतून फ्रीझरमध्ये ठेवा. पाऊण तासाने कडा गोठायला लागतील. काट्याने खरवडून त्या मध्ये आणा. नंतर दर अर्ध्या तासाने हेच, साधारण तीन तास. इथे खरवडणं टाळता येत नाही, पण साखर लागत नाही आणि कडक उन्हातून आल्यावर याच्याइतकं सुखाचं दुसरं काही नाही.

काडीवरची आइसकँडी सर्वांत सोपी: गर साच्यात भरा, काडी खोचा, सहा तास ठेवा. गुळगुळीत रसापेक्षा दाट गर वापरला तर चावायला मऊ जाते. काढताना साचा काही सेकंद साध्या पाण्यात धरा.

आरोग्याच्या दृष्टीने काही खरं-खरं

१०० ग्रॅम केळ्यात सुमारे ९० कॅलरी असतात, साध्या व्हॅनिला आइस्क्रीममध्ये २०० च्या आसपास. फरक मोठा आहे, पण अमर्याद खायला परवाना नाही. तीन केळी अख्खी खाताना पोट भरल्याचं कळतं, वाटलेली मात्र सहज खाल्ली जातात. एका वाटीत १०० ते १५० ग्रॅम पुरे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांचा रस यांतून मिळणारी साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली ठेवावी, ५ टक्क्यांखाली आणता आली तर अधिक चांगलं. २००० कॅलरींच्या आहारात याचा अर्थ ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम. मध या यादीत आहे याकडे लक्ष द्या. 'साखर नाही, फक्त मध' असं म्हटल्याने हिशेब बदलत नाही. फळाचा गर न गाळता वापरला तर तंतू टिकतात, म्हणून गाळणं अगदी गरजेपुरतंच.

मधुमेह असलेल्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं. मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियमवर बंधन असेल तर केळ्याचं आइस्क्रीम हा चांगला पर्याय नाही. एक वर्षाखालच्या बाळाला मध कोणत्याही रूपात देऊ नये. गोठवलेली द्राक्षं मोठ्यांना गोळीसारखी चघळायला मजेदार वाटतात, पण लहान मुलांच्या घशात ती अडकू शकतात. त्यांना देताना उभी चिरून, थोडी मऊ झाल्यावरच द्या.

साठवण

डबा लहान आणि घट्ट झाकणाचा असावा, काठोकाठ भरलेला. पृष्ठभागावर बटर पेपर दाबून बसवा म्हणजे वर हिम साचत नाही आणि इतर पदार्थांचा वास लागत नाही. डबा फ्रीझरच्या दारात न ठेवता मागच्या बाजूला ठेवा. दार उघडझाप झाली की तापमान वरखाली होतं, स्फटिक थोडे वितळून पुन्हा गोठतात आणि दरवेळी आकाराने वाढतात. यात कुठलाही स्थिरक (दुकानी आइस्क्रीममध्ये स्फटिक वाढू नयेत म्हणून घालतात तो पदार्थ) नसल्याने आठवडाभर ते उत्तम लागतं, दोन आठवड्यांनी कचकच जाणवू लागते. खाण्याआधी पंधरा-वीस मिनिटं फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा.

कचकच आलीच तर टाकून देऊ नका. सुरीने तुकडे करा, पाच मिनिटं थांबा आणि मिक्सरमध्ये पुन्हा फिरवा, मऊपणा परत येतो. फक्त दूध किंवा दही घातलेलं आइस्क्रीम बाहेर राहून पूर्ण वितळलं असेल तर ते पुन्हा गोठवायचं नाही.